खुब्याचा सांधा बदलताना बाहेरचं रक्त कमीत कमी कसं लागेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडूजजवळच्या एका गावातल्या ६२ वर्षांच्या, ५५ किलो वजनाच्या बाईंचा डावा खुबा पूर्ण झिजला आहे आणि सांधा बदलायचं ठरलं आहे. हिमोग्लोबिन (एचबी) ९.८. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, दुखण्यासाठी रोज डायक्लोफेनॅकची एक गोळी, घर माळकरी त्यामुळे आहार पूर्ण शाकाहारी. ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय आणि दवाखान्याने रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करायला सांगितलंय. मुलगा विचारतो: रक्त न चढवता हे होईल का? आणि चढवावंच लागलं तर आम्हा तिघा भावांचं चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होण्याची शक्यता चांगली आहे, पण दहा दिवसांत नाही. सर्जनशी बोलून तारीख चार ते सहा आठवडे पुढे घ्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: भावांनी रक्तदान जरूर करावं, पण ती पिशवी आईंना लावू नये. त्याचं कारण पुढे सविस्तर दिलं आहे.

झिजलेला खुबा बदलणं हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे. दुखणं सोसावं लागतं हे खरं, पण महिना-दीड महिन्याने सांध्याचं नव्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे सातारा-सांगलीत लोक अशी ऑपरेशनं तशीही सुगी आटोपल्यावर, दिवाळीनंतर किंवा मुलांच्या परीक्षा झाल्यावर ठरवतात. म्हणजे हातात आठवडे असतात. ते तसेच निघून जातात आणि रक्ततपासणी होते ती ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, फिटनेससाठी. तोवर उशीर झालेला असतो. सांधा बदलायचं ज्या दिवशी ठरलं, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, व्हायला हवी. रक्त चढवावं लागणार की नाही हे थिएटरमध्ये जेवढं ठरतं, त्याहून जास्त या आधीच्या आठवड्यांत ठरतं.

हे आकड्यांनी पाहू. बाईंच्या शरीरात दर किलोमागे साधारण ६५ मिलि रक्त असतं. ५५ किलोला झालं सुमारे ३५०० मिलि, साडेतीन लिटर. हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलं तरी चालेल असं धरलं, तर किती रक्त गेलं तरी निभावेल याचा ढोबळ हिशेब असा: एकूण रक्त गुणिले (सुरुवातीचं एचबी वजा ८) भागिले सुरुवातीचं एचबी. ९.८ वर हे उत्तर येतं सुमारे ६४० मिलि. तेच एचबी १३ असेल तर उत्तर येतं जवळपास १३५० मिलि. खुबा बदलताना, रक्तस्राव कमी करणारं औषध दिलं नाही तर, एकूण एक ते दीड लिटर रक्त जातं. त्यातलं बरंचसं सक्शनच्या बाटलीत किंवा मॉपवर दिसत नाही, ते मांडीच्या स्नायूंत पुढचे दोन-तीन दिवस झिरपत राहतं. म्हणजे ९.८ वर ऑपरेशन केलं तर सर्जन कितीही हुशार असला तरी एखादी पिशवी लागण्याची शक्यता मोठी. १३ वर केलं आणि थिएटरमध्ये नीट काळजी घेतली, तर बहुतेकदा लागत नाही. सर्जन तोच आणि सांधाही तोच, फरक फक्त सुरुवातीच्या आकड्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली रक्तक्षय. मोठ्या ऑपरेशनसाठी मात्र दोघांनाही १३ हेच लक्ष्य ठेवणं बरं. बाईंचं शरीर लहान, एकूण रक्त कमी, आणि सांधा बदलताना रक्त जातं पुरुषाएवढंच. 'बाईमाणसाला ११ म्हणजे चांगलंच की' असं म्हणून सोडून देणं या ऑपरेशनात महागात पडतं.

आता ९.८ का आहे ते शोधायचं. कारण न शोधता टॉनिकची बाटली देणं म्हणजे आठवडे वाया घालवणं. सीबीसीच्या कागदावरच पहिला धागा असतो. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वाहक असणं. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, थायरॉइड, यकृत, दारू. आपल्याकडे फसवणूक होते ती मधल्या आकड्यावर. शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणाऱ्या, रोज पेनकिलर खाणाऱ्या माणसात लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असू शकतात. एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी येते ८८ किंवा ९०. कागद 'नॉर्मल' दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेलं आहे का ते पाहा. तुमच्या आईंच्या बाबतीत मला हीच शंका आहे.

पुढच्या तपासण्या: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह), सीआरपी (शरीरातली सूज), क्रिएटिनिन (किडनी), बी-१२, आणि शौचातलं दडलेलं रक्त. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह संपलंय, वाद नाही. पण संधिवात, जुनाट जंतुसंसर्ग किंवा किडनीचा आजार असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. तिथे ते १०० च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तरी लोह कमीच धरायचं. एमसीव्ही कमी आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर एचबी-ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या. थॅलेसेमियाचा वाहक असेल तर लोह देऊन आकडा हलणार नाही, उलट लोह विनाकारण साठेल.

लोह कमी निघालं तर ते कुठून जातंय हेही विचारायलाच हवं. पाळी बंद झालेल्या बाईत आणि कुठल्याही वयाच्या पुरुषात लोह कमी असणं म्हणजे पोटातून रक्त जात नाही ना, हे पाहायचं. मूळव्याध, पेनकिलरने झालेले अल्सर, आणि आतड्याचा कर्करोगही. खुब्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीतून आतड्याची गाठ सापडणं ही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि ती लवकर सापडली तर जीव वाचतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत आकडीकृमीचा विचार करावा. त्यासाठी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ.

पेनकिलरवरून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वातासाठी म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या गावोगाव मिळतात, त्यांत स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली असण्याची शक्यता असते. आराम झटकन पडतो तो त्यामुळेच. पोटातून रक्त जाणं, साखर वाढणं आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची ताकद मंदावणं, तिन्ही होतात. पुडी घेत असाल तर लाजू नका, भूलतज्ज्ञाला सांगा. आणि अचानक स्वतःहून बंदही करू नका, कारण ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो.

आता उपचार. वेळ सहा आठवडे किंवा जास्त असेल, एचबी ११ च्या पुढे असेल आणि पोट साथ देत असेल तर लोहाच्या गोळ्या पुरतात. गोळीत मूळ लोह ६० ते १०० मिग्रॅ असावं, आणि दिवसातून एकदाच. एक दिवसाआड दिली तरी चालते. दिवसातून दोन-तीनदा देऊन फायदा होत नाही: लोहाचा एक डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा दिवसभर आतड्याचा दरवाजा बंद होतो. जास्तीची गोळी बद्धकोष्ठ आणि मळमळ तेवढी वाढवते. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास लांब. आपल्याकडे सकाळची प्रत्येक गोळी चहाबरोबर घ्यायची सवय आहे, आणि 'दोन महिने गोळ्या खाल्ल्या पण रक्त वाढलं नाही' याचं अर्धं उत्तर त्या कपात असतं.

आहाराबद्दल खूप विचारलं जातं. बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, अळीव, राजगिरा, हिरव्या भाज्या, वर लिंबू पिळून, हे सगळं उत्तम आणि कायम खावं. पण वनस्पतीतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. तासगावचे बेदाणे किंवा बीटाचा रस यांच्या भरवशावर ९.८ चे १३ सहा आठवड्यांत होणार नाहीत. १०० ग्रॅम बेदाण्यात लोह जेमतेम काही मिलिग्रॅम, आणि आईंना लागणार आहे सुमारे एक ग्रॅम. शिवाय मधुमेहात बेदाणे, काकवी आणि गूळ साखर वाढवतील. ऑपरेशनआधी साखर वाढणं म्हणजे जखमेच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण.

एक ग्रॅम कसं काढलं? वजन गुणिले (हवं असलेलं एचबी वजा सध्याचं) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५०० मिग्रॅ. ५५ × ३.२ × २.४ = ४२२, अधिक ५००, म्हणजे ९२२. इतकी तूट, हातात महिना, आणि पेनकिलरने पोट आधीच बिघडलेलं. इथे शिरेतून लोह देणं हाच योग्य मार्ग. दोन पर्याय सहज मिळतात. आयर्न सुक्रोज: एका वेळी २०० मिग्रॅ, १०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये, अर्ध्या तासात, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे पाच फेऱ्या. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज: १००० मिग्रॅ एकाच बैठकीत, २५० मिलिपर्यंत नॉर्मल सलाईनमध्ये, किमान १५ मिनिटांत, वजन ५० किलोच्या आत असेल तर दोन भागांत, आठवड्याचं अंतर ठेवून. हे औषध महाग आहे, पण जत किंवा दहिवडीहून मिरज-कऱ्हाडला पाच फेऱ्या, सोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी असा हिशेब केला तर फरक बराच कमी होतो.

देताना चुका कुठे होतात तेही सांगतो. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) मिसळू नये, फक्त नॉर्मल सलाईन. कार्बॉक्सिमाल्टोज अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून 'पातळ करून' देऊ नये, ते अस्थिर होतं. सुई शिरेत पक्की आहे याची साध्या सलाईनने खात्री करावी, कारण बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना देऊ नये. संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवावं आणि तीव्र ॲलर्जी आलीच तर ॲड्रेनलिन हाताशी असावं. परिणाम आठवड्याभरात सुरू होतो, पूर्ण दिसायला तीन ते चार आठवडे लागतात. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दिलेलं लोह त्या ऑपरेशनाला उपयोगी पडत नाही, फार तर नंतर भरून यायला मदत करतं.

लोह हे सरसकट द्यायचं औषध नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट नावाच्या मोठ्या चाचणीत, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी रक्तक्षय असलेल्या सगळ्यांनाच, लोह कमी आहे की नाही हे न पाहता, शिरेतून लोह दिलं गेलं. रक्त लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणून आधी फेरिटिन, मग सुई.

बी-१२ कमी निघालं तर १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन एक दिवसाआड पाच-सहा वेळा, मग आठवड्याला एक. बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड देत राहू नये; रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. मेटफॉर्मिन बंद करायची गरज नाही, बी-१२ सोबत चालू ठेवायचं. किडनी कमकुवत असेल किंवा जुनाट संधिवातामुळे लोह देऊनही एचबी वाढत नसेल, तर एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होतो: किलोमागे ६०० युनिट, ऑपरेशनच्या २१, १४ आणि ७ दिवस आधी व ऑपरेशनच्या दिवशी, सोबत लोह हवंच. त्याने रक्तदाब वाढतो आणि गुठळीचा धोका वाढतो, म्हणून ते सगळ्यांसाठी नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात. साधारण नियम: क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद, वॉर्फरिन ५ दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या आत, रिव्हारोक्साबॅन-ॲपिक्साबॅन दोन-तीन दिवस, किडनी कमजोर असेल तर त्याहून जास्त. ॲस्पिरिन स्टेंट असलेल्यांत बहुतेकदा चालूच ठेवतात. स्टेंट बसून वर्षही झालेलं नसताना घरच्या घरी गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन दोन-तीन दिवस आधी थांबवून पॅरासिटामॉलवर यावं. तुमच्या आईंच्या बाबतीत ते आजच थांबवा आणि सर्जनकडून दुसरं वेदनाशामक लिहून घ्या.

थिएटरमधला भाग

इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने शोधलेलं हे औषध. शरीराने बनवलेली गुठळी विरघळू न देणं एवढंच त्याचं काम, नवी गुठळी ते करत नाही. चीर देण्याच्या आधी १ ग्रॅम, १०० मिलि सलाईनमध्ये, दहा मिनिटांत. घाईने ढकललं तर रक्तदाब उतरतो. दुसरा ग्रॅम तीन तासांनी किंवा टाके घालताना. चीर दिल्यावर आठवण झाली म्हणून उशिरा दिलं तर फायदा घटतो. शिरेतून द्यायचं नसेल तर २-३ ग्रॅम सलाईनमध्ये मिसळून जखमेत सोडता येतं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी, फिट येण्याचा इतिहास असेल किंवा नुकतीच गुठळी झाली असेल तर विचार करून.

या औषधाबाबत एक भयंकर चूक जगभर नोंदली गेली आहे. त्याची काचेची कुपी पाठीतल्या भुलेच्या बुपिव्हकेनच्या कुपीसारखी दिसते, आणि चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर झटके येऊन रुग्ण दगावू शकतो. दोन्ही कुप्या एका ट्रेमध्ये ठेवूच नयेत. ट्रॅनेक्झॅमिकचं सलाईन पाठीतली भूल देऊन झाल्यावरच भरावं, आणि कुपीवरचं नाव दोघांनी मोठ्याने वाचावं.

पाठीतून दिलेल्या भुलेत पूर्ण भुलेपेक्षा रक्तस्राव कमी होतो, कारण रक्तदाब जरा खाली राहतो आणि शिरांतला दाबही उतरतो. रक्तदाब मुद्दाम फार खाली नेणं मात्र जुन्या रक्तदाबाच्या म्हाताऱ्या माणसात धोक्याचं. कुशीवर झोपवताना पुढचा आधार पोटावर दाबत नाही ना, हे पाहायचं. पोट दाबलं की शिरा फुगतात आणि जखम झिरपत राहते. छोटी गोष्ट आहे, पण नेमकी ती विसरली जाते.

तापमानाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. एसी १८ वर, रुग्ण उघडा, सलाईन थंडगार. शरीर ३५ अंशांवर आलं की प्लेटलेट आणि गोठण्याची प्रथिनं सुस्त होतात. खुबा बदलाच्याच रुग्णांवर झालेल्या १९९६ च्या एका अभ्यासात, तापमान सुमारे दीड अंशाने उतरलेल्यांचं सरासरी अर्धा लिटर रक्त जास्त गेलं. गरम हवेची चादर असेल तर ती वापरावी, नसेल तर सलाईन गरम करून द्यावं, अंग झाकावं आणि रुग्ण आत येईपर्यंत एसी मंद ठेवावा.

सर्जनच्या हातातलं थोडक्यात: मागून सांधा उघडताना क्वाड्रेटस फेमोरिस या खुब्यामागच्या स्नायूच्या कडेला मेडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या फांद्या, पुढून उघडताना लॅटरल सर्कमफ्लेक्सची वर जाणारी फांदी, आणि खुब्याच्या वाटीच्या तळाशी आडव्या लिगामेंटजवळची ऑब्ट्युरेटर धमनीची फांदी. या कापल्या जाण्याआधीच जाळून बंद केल्या तर पुढचा तास कोरडा जातो. वाटी आणि मांडीच्या हाडाची पोकळी घासल्यावर उघड्या हाडातून रक्त वाहत राहतं, तेव्हा घासणं झालं की सांध्याचा भाग बसवायला उशीर लावू नये. सरसकट ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, ठेवू नये. ड्रेनने आतला दाब निघून जातो आणि जे रक्त दाबाने थांबलं असतं ते बाटलीत येतं. अभ्यासांत ड्रेन ठेवलेल्यांना रक्त जास्त लागल्याचं दिसलं आहे.

सेल सेव्हर, म्हणजे जखमेतलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्र, साध्या पहिल्या ऑपरेशनाला लागत नाही. एकदा वापरायचा सेटच महाग पडतो. जुना सांधा काढून नवा बसवायचा असेल किंवा दोन्ही खुबे एकाच वेळी करायचे असतील तर मागवण्यासारखं आहे. जंतुसंसर्ग झालेल्या सांध्यात आणि कर्करोगाच्या गाठीच्या ऑपरेशनात ते टाळावं, आणि सांधा बसवायचं सिमेंट ओलं असताना किंवा आयोडीनने जखम धुताना त्याचं सक्शन बंद ठेवावं. ऑपरेशनआधी रुग्णाचंच रक्त काढून साठवायची जुनी पद्धत आता सुचवत नाहीत. माणूस रक्तक्षय घेऊनच टेबलावर येतो, आणि साठवलेल्या पिशव्या पुष्कळदा फेकल्या जातात. ९.८ एचबी असलेल्या बाईंचं रक्त काढण्याचा तर प्रश्नच नाही.

ऑपरेशननंतर पिशवी कधी लावायची?

'दहाच्या खाली गेलं की रक्त' हा नियम १९४० च्या दशकातला आहे आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोकस चाचणीत खुबा मोडलेले, हृदयविकार किंवा त्याची जोखीम असलेले २०१६ वृद्ध रुग्ण होते. अर्ध्यांना एचबी १० च्या खाली गेलं की रक्त दिलं. उरलेल्यांना ८ च्या खाली गेलं किंवा लक्षणं दिसली तरच. ६० दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं यात फरक पडला नाही. म्हणून आज हाडांच्या ऑपरेशनानंतर स्थिर रुग्णात ८ ही रेषा धरतात, आणि लक्षणं नसतील तर तरुण, धडधाकट रुग्णात ७ पर्यंतही थांबता येतं. अपवाद: त्याच वेळी हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर ८ वर अडून बसू नये; तिथे १० च्या आसपास ठेवणं सुरक्षित वाटतं.

आकड्याआधी माणूस पाहायचा. पहिल्या दिवशी उभं केल्यावर चक्कर आली की 'रक्त कमी झालंय, पिशवी लावा' अशी घाई होते. बहुतेक वेळा कारण असतं उपास, कमी पाणी, भुलेचा उरलेला परिणाम किंवा वेदनाशामक. आधी झोपवा, पाणी किंवा सलाईन द्या, अर्ध्या तासाने पाहा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, द्रव देऊनही नाडी ११० च्या वर, लघवी कमी होणं, बरळणं, ही खरी लक्षणं. दर तासाला वाढणारी मांडीची सूज आणि भिजणारी पट्टी असेल तर नुसतं रक्त चढवून भागत नाही, सर्जनने जखम पाहायला हवी.

आणि लावायची तर एकच पिशवी. एका पिशवीने एचबी साधारण १ ने वाढतं. लावून झाल्यावर रुग्णाला पाहायचं, एचबी करायचं, मग दुसरीचा विचार. 'आणलीच आहे तर दुसरीही लावून टाकू' हे ५५ किलोच्या वृद्ध बाईत फुप्फुसात पाणी भरण्याचं कारण होतं. पिशवी दोन-तीन तासांत द्यावी, चार तासांच्या आत संपलीच पाहिजे.

रक्त चढवणं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रक्तकेंद्रात प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासली जाते आणि खरी गरज असेल तेव्हा ती जीव वाचवते. पण ॲलर्जी, चुकीच्या रुग्णाला लागणं, फुप्फुसावर ताण आणि सांध्यात जंतुसंसर्ग वाढण्याची शक्यता, हे धोके तपासणीने शून्य होत नाहीत. शिवाय मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, तेव्हा रक्ताची टंचाई असते. विनाकारण लावलेली पिशवी बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या एखाद्या बाईच्या वाट्याची असू शकते.

आता भावांचा प्रश्न. मुलाचं किंवा सख्ख्या भावंडाचं रक्त 'आपलंच' म्हणून जास्त सुरक्षित वाटतं, पण वैद्यकीयदृष्ट्या उलट आहे. जवळच्या नात्यात पेशींवरच्या खुणा अर्ध्या जुळतात, त्यामुळे रक्तासोबत आलेल्या पांढऱ्या पेशींना आईंचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही. त्या पेशी टिकतात आणि उलट आईंच्याच कातडीवर, आतड्यावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जवळजवळ नेहमी जीव जातो. किरणोत्सर्ग दिलेली पिशवीच यातून वाचवते, साधी गाळणी पुरत नाही, आणि ही सोय प्रत्येक रक्तकेंद्रात नसते. म्हणून तिघांनी रक्त द्या, ते सर्वसाधारण साठ्यात जाऊ द्या, आणि आईंना गरज पडली तर दुसऱ्या दात्याची पिशवी घ्या. दोन पिशव्या आधीच जुळवून अडवून ठेवण्याऐवजी गट आणि अँटिबॉडी तपासणी करून ठेवा. अँटिबॉडी नसतील तर जुळवणीला फार वेळ लागत नाही. रक्तकेंद्र लांब असलेल्या छोट्या दवाखान्यात मात्र एक पिशवी जुळवून ठेवण्याचा आग्रह मी समजू शकतो.

खुबा पडून मोडला असेल तर वरचं 'थांबा' लागू नाही. तिथे ४८ तासांच्या आत ऑपरेशन होणं महत्त्वाचं, एचबी वाढायची वाट पाहणं घातक. ट्रॅनेक्झॅमिक, ऊब, काटेकोर रक्तरोध आणि ८ ची रेषा, हे मात्र तसंच.

वॉर्डातलं थोडं. एचबी सर्वात खाली दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जातं, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तपासणं पुरतं. रोज तीन-तीन ट्यूब काढणं थांबवा, लहान ट्यूब वापरा. पाणी पिऊ लागल्यावर सलाईन बंद करा, नाहीतर रक्त पातळ होऊन आकडा खोटा खाली दिसतो. गुठळी न होण्याचं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ, ऑपरेशननंतर साधारण १२ तासांनी सुरू करावं. फार लवकर दिलं तर जखम झिरपते, टाळलं तर गुठळी होते.

शिरेतून लोह देणं सरकारी योजनेत किंवा विम्यात बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवतानाच विचारा. महिन्याने एचबी पुन्हा करा; १२ च्या पुढे गेलं असेल आणि सर्जन-भूलतज्ज्ञ तयार असतील तर १३ साठी अडून राहायची गरज नाही.

घरी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, कारण ऑपरेशनच्या सुजेने हेप्सिडिन वाढलेलं असतं. एचबी १० च्या खाली राहिलं तर दवाखान्यातून निघण्याआधीच शिरेतून लोह घ्यावं, गोळ्या नंतर तीन महिने. लोहाच्या गोळीने शौचाला काळपट हिरवं होतं, ते चालतं. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं होऊ लागलं, आणि सोबत गुठळी टाळण्याची गोळी किंवा पेनकिलर चालू असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.